सेन्सरचं रीडिंग का नाचतं? वावर, जिनिंग आणि वजनकाट्यावरच्या सिग्नल वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागेत मातीचा ओलावा मोजणारे, हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगमध्ये वजनकाटा सांभाळणारे, गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमध्ये ड्रायरचं तापमान बघणारे, या सगळ्यांची तक्रार सारखीच असते. सेन्सर टेबलावर बरोबर चालतो, जागेवर लावला की आकडा नाचतो. बहुतेक वेळा दोष सेन्सरचा नसतो आणि मीटरचाही नसतो. दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा प्रवाह तुमच्या सिग्नलच्या वायरीतून परतीची वाट काढत असतो. ती वाट आधी शोधा. ती न शोधता फिल्टर, फेराइट (केबलवर चढवायची चुंबकीय रिंग), सिग्नल वाचणारं महागडं कार्ड आणत बसलं तर पैसा जातो आणि आकडा नाचतच राहतो. ही उत्तरं आयटीआय केलेली पोरं, वायरमन आणि स्वतःच्या वावरात स्वतः सेन्सर बसवणारे शेतकरी यांच्यासाठी लिहिली आहेत.

एवढ्याशा वायरीत नॉईज शिरतो तरी कसा?

आधी सिग्नल किती लहान आहे ते बघा. तापमान मोजणारं के-टाइप थर्मोकपल एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. वजनकाट्याचा लोडसेल पूर्ण वजनाला २० मिलिव्होल्टच्या आसपास देतो. आणि शेजारून जाणारी मोटरची लाइन ४०० व्होल्टची असते. तिचा लाखावा हिस्सा जरी सिग्नलमध्ये मिसळला तरी ४ मिलिव्होल्ट झाले, म्हणजे लोडसेलच्या पूर्ण सिग्नलचा पाचवा भाग.

मिसळायचे रस्ते चार. पहिला विजेच्या दाबामुळे, म्हणजे दोन वायरींमधल्या कपॅसिटन्समधून. फेजच्या बाजूने गेलेली, दोन्ही टोकांना सुटी असलेल्या वायरीला टेस्टर लावला की टेस्टरचा दिवा पेटतो, हे प्रत्येक वायरमनने पाहिलेलं असतं. तोच हा रस्ता. दुसरा चुंबकीय: मोटरच्या वायरीतून जोरात प्रवाह गेला की शेजारच्या सिग्नल वायरीच्या वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. तिसरा सामाईक वायरीचा: सिग्नलची परतीची वायर आणि पंपाच्या रिलेची परतीची वायर एकच ठेवली, तर रिलेचा प्रवाह तिथे जे व्होल्टेज पाडतो ते थेट रीडिंगमध्ये येतं. चौथा रेडिओ लहरींचा, यात व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह), मोबाईल, वॉकीटॉकी येतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त छळतो तो तिसरा, कारण कमी वायरीत काम भागवायची सवय आहे.

शोध कुठून सुरू करायचा?

मीटरपासून, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून.

केबल काढा आणि मीटरच्या व्होल्टेज इनपुटची दोन टर्मिनलं वायरीच्या लहान तुकड्याने जोडा. आकडा शून्याला शांत बसला तर मीटर ठीक आहे. तरीही नाचत असेल तर मीटरचा पॉवर सप्लाय तपासा. तो बॅटरीवर चालवून पाहिलं की लगेच कळतं. स्वस्त अॅडॉप्टर इथेच पकडला जातो.

मग केबल परत जोडा, पण दुसऱ्या टोकाला सेन्सर काढून त्याच्या जागी तेवढ्याच ओहमचा साधा रेझिस्टर लावा. लोडसेल असेल तर ३५० ओहम, पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) असेल तर ११० ओहम. सेन्सर नसतानाही आकडा नाचला तर नॉईज केबलमध्ये शिरतो आहे. शांत झाला तर सेन्सरचं जमिनीशी किंवा मशीनच्या बॉडीशी कुठेतरी नातं जुळलेलं आहे.

आता नॉईज कधी येतो ते बघा. लाइट आली पण मोटर बंद आहे, तरी रीडिंग हलतं? मग दाबाचा रस्ता, इथे शील्ड (वायरींवरचं धातूचं आवरण) कामाची. मोटर चालू झाल्यावरच हलतं? मग चुंबकीय किंवा अर्थिंगचा रस्ता, इथे नुसती शील्ड लावून भागत नाही. फक्त स्टार्टर उचलताना-पडताना उडी मारतं? मग स्टार्टरच्या कॉइलचा झटका. मोटर नुसती फिरत असताना ठीक, पण व्हीएफडीवर आली की बिघडतं? त्याचं उत्तर पुढे सोलर पंपाच्या प्रश्नात आहे.

या सगळ्यात स्टार्टरच्या पेटीत किंवा डीपीजवळ हात घालायची गरज पडत नाही. पडलीच तर वायरमनला बोलवा.

एक जुनं साधन अजून उपयोगी आहे. मीडियम वेव्हवरचा ट्रान्झिस्टर रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि पॅनेल, चार्जर, एलईडी दिवे यांच्याजवळ फिरवा. जिथे खरखर वाढते तिथे वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉईज आहे. ५० हर्ट्झची गुणगुण मात्र याने सापडत नाही.

सबमर्सिबलच्या केबलमधली एक कोर मोकळी आहे. लेव्हल सेन्सरला तीच वापरली तर?

नको. मोटरच्या तीन फेज आणि तुमचा सिग्नल पूर्ण खोलीभर एकमेकांना चिकटून जातील, यापेक्षा वाईट मांडणी नाही. शिवाय मोटरच्या केबलचं इन्सुलेशन पाण्यात फाटलं तर फेज थेट तुमच्या कार्डात आणि हातात येईल. सेन्सरची केबल वेगळी, विहिरीच्या किंवा बोअरच्या दुसऱ्या अंगाने, वेगळ्या पाइपातून न्या. जमिनीतून नेताना पॉवर केबलपासून किमान १ फूट दूर ठेवा, जागा असेल तर आणखी दूर. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

केबल कोणती घ्यावी? लॅनची चालेल का?

पीळ घातलेली जोडी हवी, हे सर्वात महत्त्वाचं. दोन वायरींना पीळ असला की चुंबकीय क्षेत्रामुळे एका वेटोळ्यात तयार झालेलं व्होल्टेज पुढच्या वेटोळ्यात उलटं होतं आणि दोन्ही एकमेकांना मारतात. टेलिफोनच्या तारांना शेजारच्या तारांचा त्रास होतो म्हणून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली याच युक्तीचं पेटंट घेतलं होतं. आजही यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

दुकानात ‘इन्स्ट्रुमेंटेशन केबल’ म्हणून मागा: ०.५ किंवा ०.७५ चौरस मिमी तांबं, पीळ असलेली जोडी, वर अॅल्युमिनियम फॉइलची शील्ड आणि तिच्यासोबत उघडी ड्रेन वायर. एकाच केबलमध्ये अनेक सेन्सर नेणार असाल तर प्रत्येक जोडीला वेगळी शील्ड असलेली घ्या.

लॅनची केबल कमी अंतरावर, सावलीत चालते. तिच्यात पीळ असतोच. पण सिग्नल आणि त्याचीच परतीची वायर एकाच जोडीत घाला: नारिंगी आणि नारिंगी-पांढरी. सिग्नल नारिंगीत आणि ग्राउंड हिरव्यात घातलं की पिळाचा फायदा गेला, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. साधी लॅन केबल उघड्यावर टाकू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिचं आवरण तडकतं, आणि धुऱ्यावर उंदीर तिला सोडत नाहीत. मोटरची चपटी केबल सिग्नलला वापरू नका, तिच्यात पीळ नसतो.

शील्ड एका टोकाला जोडायची का दोन्ही?

सावकाश बदलणाऱ्या अॅनालॉग सिग्नलला एकाच टोकाला, मीटरच्या बाजूला. सेन्सरकडे शील्ड कापून टेप लावून बंद करा. दोन्ही टोकं अर्थ केली तर विहिरीवरचं अर्थ आणि घरचं अर्थ यांच्यातला फरक त्या शील्डमधून प्रवाह ढकलतो, आणि तो प्रवाह आतल्या जोडीशेजारून शेकडो फूट जातो. मधे जंक्शन बॉक्स असेल तर शील्ड तिथे वेगळ्या टर्मिनलवरून पुढे न्या. पेटीच्या पत्र्याला तिचा स्पर्श होऊ देऊ नका.

व्हीएफडीपासून मोटरकडे जाणाऱ्या पॉवर केबलचा नियम उलटा आहे. तिची शील्ड किंवा आर्मर दोन्ही टोकांना, ड्राइव्हच्या बॉडीला आणि मोटरच्या बॉडीला, चांगल्या ग्लँडने जोडायचं. तिथे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या प्रवाहाला परत जायला जवळची वाट द्यायची असते.

आणि फॉइल ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. त्यासाठी पीळ, अंतर, आणि जमलं तर जीआय पाइप.

पावसाळ्यात रीडिंग शांत असतं, एप्रिल-मेमध्ये नाचतं. असं का?

हा प्रश्न काळ्या मातीचा आहे. काळी माती ओली असते तेव्हा फुगून रॉडला घट्ट धरते आणि वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, रॉडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. मोटरची थोडीशी गळती, जी ओल्या मातीत मुकाट्याने मुरत होती, ती आता विहिरीजवळच्या जमिनीचा दाब काही व्होल्टने वर नेते. तुमच्या सेन्सरचं एक टोक तिथे आणि दुसरं टोक घरच्या अर्थला जोडलेलं असेल, तर तो फरक सिग्नलच्या वायरीत उतरतो.

त्यात भर पडते ती अर्थवर बल्ब लावण्याची. विहिरीवर स्टार्टरमधून एक फेज घ्यायची आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत ठोकलेला गज वापरायचा, असं गावोगाव चालतं. त्या बल्बचा सगळा प्रवाह मातीतून डीपीकडे जातो, तुमच्या ओलावा सेन्सरच्या आजूबाजूने. रीडिंगचं राहू द्या, तो गज सुटला आणि कोणाचा हात लागला तर जीव जातो. आधी ते बंद करा.

उपाय दोन दिशांचे आहेत. अर्थिंग सुधारा: रॉड खोल न्या, खड्ड्यात बेंटोनाइट किंवा कोळसा-मीठ भरा, उन्हाळ्यात पाणी सोडा, आणि आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे रेझिस्टन्स मोजून घ्या. दुसरीकडे सिग्नलचा ग्राउंड एकाच ठिकाणी जोडा. सेन्सर मातीत असेल तर तो आपोआप तिथे अर्थ झालेला असतो. मग मीटरकडे आयसोलेटर (दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा) लावा किंवा मीटर कुठल्याही अर्थला न जोडता बॅटरीवर चालवा.

काही जण गुणगुण जावी म्हणून कॉम्प्युटरच्या किंवा मीटरच्या प्लगमधली अर्थची पिन काढतात. तसं करू नका. सिग्नलसाठी बाकी अर्थपासून तोडलेला वेगळा गज ठोकणंही धोक्याचं. वीज पडली की दोन गजांमधला सगळा फरक तुमच्या कार्डावर येतो. अर्थ सगळे एकमेकांना जोडलेले हवेत, फक्त सिग्नलने त्यांच्यामधून जायचं नाही.

लाइटवर सगळं ठीक होतं. सोलर पंप बसवल्यापासून रीडिंग बिघडलं. पॅनेलमुळे का?

पॅनेलमुळे नाही, कंट्रोलरमुळे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून किंवा स्वतः घेतलेला पंप एसी मोटरचा असेल तर त्याचा कंट्रोलर म्हणजे व्हीएफडीच आहे. तो पॅनेलची डीसी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरला तीन फेज देतो. प्रत्येक तोडीला व्होल्टेज एका झटक्यात शेकडो व्होल्ट चढतं-उतरतं आणि केबल व जमीन यांच्यातल्या कपॅसिटन्समधून प्रवाह मातीत शिरतो. तो परत कंट्रोलरकडे येणारच. वाट कोणती घ्यायची हे तुम्ही ठरवलं नसेल तर तो सेन्सरच्या वायरीनेही येतो.

इथे आणखी एक गोष्ट घडते. सकाळी ऊन कमी असतं तेव्हा कंट्रोलर मोटर कमी फ्रिक्वेन्सीवर फिरवतो आणि ऊन चढेल तशी ती वाढवत नेतो. ५० हर्ट्झची गुणगुण गाळण्यासाठी केलेला फिल्टर सकाळी ३० हर्ट्झला निकामी ठरतो.

पहिलं काम: मोटरपासून कंट्रोलरपर्यंत अर्थची वायर केबलसोबतच, सलग आणि जाड आली आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी ती मोटरपर्यंत गेलेलीच नसते. मग मोटर केबल आणि सेन्सर केबल वेगळ्या करा. सेन्सरची केबल कार्डात शिरते तिथे फेराइटमधून दोन-तीन वेढे द्या. जोडीतल्या दोन्ही वायरी एकत्रच घाला. सगळ्यात सोपा उपाय मात्र वेळेचा आहे. मातीचा ओलावा तासाभरात फारसा बदलत नाही. पंप बंद असताना, पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर रीडिंग घ्या. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण देताना तो कधी तोडायचा हे या आकड्यावर ठरणार असेल, तर पहाटेचं एक शांत रीडिंग दिवसभराच्या नाचऱ्या आलेखापेक्षा भरवशाचं.

झटका मशीनमुळे दर सेकंदाला टोक दिसतं. काय करावं?

रानडुकरं आणि रोही यांच्यामुळे झटका मशीन आता प्रत्येक धुऱ्यावर आहे. ते साधारण सेकंद-सव्वा सेकंदाला काही हजार व्होल्टचा अगदी छोटा झटका तारेत सोडतं. सेन्सरची केबल त्याच खांबांवरून तारेला समांतर नेऊ नका. सगळे अर्थ जोडायच्या वरच्या नियमाला हा अपवाद: मशीनचा अर्थ रॉड बाकी अर्थपासून १० मीटरपेक्षा लांब ठेवा, कारण झटक्याचा परतीचा प्रवाह तिथूनच येतो. राहिलेली टोकं प्रोग्राममध्ये मध्यक घेऊन जातात: पाच रीडिंग घ्या, क्रमाने लावा, मधलं ठेवा. इथे सरासरी घेऊ नका, एक टोक सगळी सरासरी वर ओढतं.

मशीनशिवाय थेट लाइट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने विदर्भात माणसं मेली आहेत.

प्रोग्राममध्ये सरासरी घेतली की वायरिंगकडे बघायची गरज नाही ना?

आहे. एक उदाहरण घ्या. तुम्ही सेकंदाला बरोबर १० नमुने घेता आणि वायरीत ग्रिडची गुणगुण आहे. ग्रिड कधीच नेमका ५० हर्ट्झ नसतो, समजा ४९.९७ आहे. मग ती गुणगुण तुमच्या नोंदीत ३३ सेकंदांची संथ लाट होऊन दिसते. ती नॉईजसारखी दिसतच नाही. टाकीतलं पाणी हळूच वर-खाली होतंय असं वाटतं, आणि दहा-वीस नमुन्यांची सरासरी तिला हातही लावत नाही.

म्हणून आधी वायरिंग, मग कार्डाच्या तोंडाशी रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर, आणि शेवटी प्रोग्राम. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड यांचा फिल्टर १.६ हर्ट्झच्या वरचं कापायला लागतो, ५० हर्ट्झला साधारण ३१ पट कमी करतो आणि व्हीएफडीच्या काही हजार हर्ट्झचं नावही उरत नाही. पाण्याची पातळी, ओलावा, तापमान यांना तो पुरेसा जलद आहे. प्रोग्राममध्ये नमुने एका पूर्ण आवर्तनावर, म्हणजे २० मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत, सारख्या अंतराने पसरा. १०० मिलिसेकंदांत १०० नमुने घेऊन सरासरी काढली की वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना मारतो. लोडसेलसाठीची एचएक्स-७११ चिप सेकंदाला १० च्या वेगावर ठेवली तर ५० हर्ट्झ स्वतःच गाळते. ८० वर नेली की तो फायदा जातो.

व्होल्टेजचा सेन्सर घ्यावा का ४-२० मिलिअँपिअरचा?

अंतर २०-३० मीटरच्या पुढे असेल तर ४-२०. सेन्सर प्रवाह ठरवतो, वाटेत वायरीत थोडं व्होल्टेज मिसळलं तरी तो प्रवाह बदलू देत नाही. मीटरकडे २५० ओहमवर तो १ ते ५ व्होल्ट होतो. ०.५ चौरस मिमीची ३०० मीटर केबल जाऊन-येऊन साधारण २२ ओहम भरते, २४ व्होल्टच्या सप्लायला ते काहीच नाही. आणि वायर तुटली की ४ च्या जागी शून्य दिसतं, म्हणजे टाकी रिकामी आणि वायर तुटलेली यातला फरक कळतो.

वजनकाटा मोटर चालू झाली का हलतो. इंडिकेटर बदलावा?

आधी जंक्शन बॉक्स उघडायला लावा. ६० टनांच्या काट्यावर १० किलोचा एक भाग धरला तर ६००० भाग झाले. २० मिलिव्होल्ट पूर्ण मिळाले असं मानलं तरी एका भागाला ३.३ मायक्रोव्होल्ट, प्रत्यक्षात त्याहून कमी. सरकीची धूळ, ओल, गंजलेलं टर्मिनल, सुटलेली शील्ड यातलं काहीही एवढ्याला पुरतं. लोडसेलची केबल काट्याखालून प्रेसच्या पॉवर केबलसोबत आली आहे का तेही बघा. काट्याच्या पोलादी सांगाड्यावर वेल्डिंग करताना अर्थ क्लँप दूर लावला तर तो प्रवाह लोडसेलमधून जातो आणि सेल कायमचा बिघडतो.

सील स्वतः तोडू नका. वैधमापन विभागाचा परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच काम करून घ्या आणि फेरपडताळणी करा. त्या आकड्यावर शेतकऱ्याच्या कापसाचे पैसे ठरतात.

स्टार्टर पडला की कार्ड हँग होतं.

स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची एसी कॉइल २३० व्होल्टची असेल तर तिच्यावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर लावा; कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ प्रकारचा हवा. डीसी रिले असेल तर कॉइलवर उलटा डायोड. नॉईज जिथे जन्मतो तिथेच मारणं नेहमी स्वस्त पडतं.

पीटी-१०० दहा अंश जास्त दाखवतो. हाही नॉईजच?

नाही, हा वायरीचा रेझिस्टन्स. पीटी-१०० एका अंशाला ०.३८५ ओहम बदलतो. दोन वायरींनी ५० मीटर लांब नेला, वायर ०.५ चौरस मिमी, तर जाऊन-येऊन पावणेचार ओहम, म्हणजे जवळपास १० अंश. तीन वायरींचा घ्या. थर्मोकपलला मात्र त्याच्याच जातीची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते, साधं तांबं जोडलं की जोडाच्या जागी दुसरं थर्मोकपल तयार होतं.

एकाच ओळीत दोन ओलावा सेन्सर लावले तर एकमेकांवर परिणाम होतो का?

जवळ असतील आणि एकाच वेळी चालू असतील तर होतो, ओली माती त्यांना जोडते. एकाला वीज द्या, थांबा, मोजा, बंद करा, मग दुसऱ्याला द्या. जिप्सम ब्लॉकसारख्या रेझिस्टन्सच्या सेन्सरला सतत डीसी देऊ नका, इलेक्ट्रोड झिजतात आणि रीडिंग सरकत जातं. ड्रिपच्या टाकीत पीएच आणि ईसीचे (पाण्यातले क्षार मोजणारे) प्रोब सोबत असतील तरी हीच अडचण येते. तिथे पीएचला आयसोलेटेड कार्ड लागतं.

मोबाईल मॉड्यूल डेटा पाठवतं तेव्हाच आकडा चुकतो.

२जी मॉड्यूल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, बॅटरी दबते आणि तिच्यावर अवलंबून असलेलं, मोजमापाला आधार धरलेलं रेफरन्स व्होल्टेजही दबतं. आधी मोजून घ्या, आकडा साठवा, मग मॉड्यूल जागं करा. ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या चिपमध्ये वायफाय चालू असताना एडीसी-२ च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वापरूच नका.

पहिल्या पावसानंतर रीडिंग नाचत नाही, पण हळूहळू सरकतं. कुठे बघू?

जोडात. टेप गुंडाळलेला जोड ओला झाला की दोन वायरींमध्ये गळती होते, आणि तांबं-अॅल्युमिनियम असा जोड असेल तर तिथे छोटी बॅटरीच तयार होऊन डीसी व्होल्टेज देते. कुठलाही फिल्टर हे काढू शकत नाही. शक्यतो जमिनीत जोड देऊच नका. द्यावाच लागला तर गोंद असलेली हीट श्रिंक किंवा रेझिनचा जोड करा. पेटीत केबल खालच्या ग्लँडमधून घ्या आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. ओल कुठल्या तुकड्यात आहे हे मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) कळतं, पण मेगर लावण्याआधी केबलची दोन्ही टोकं सेन्सर आणि कार्डापासून सोडवून घ्या, नाहीतर मेगरच्या ५०० व्होल्टने दोन्ही जळतील.